शून्य शोधण्याआधी मोजा: ॲनॅलिटिक फंक्शनच्या शून्यांची पहिली ओळख

नाशिकच्या कॉलेज रोड, गंगापूर रोडवरच्या कॉलेजांत एम.एस्सी.ला नुकतेच आलेले असोत, की नोकरी सांभाळून घरी सेट-नेटची तयारी करणारे, शून्यांचं गणित समोर आलं की बहुतेक जण समीकरण सोडवायला बसतात. फ(झ) = ० दिलंय, मग झ काढा. बारावीपर्यंत तेच केलेलं असतं, त्यामुळे हात आपोआप तिकडे वळतो. पण झ^५ + ३झ + १ = ० हे वर्गमूळ-घनमूळ घेत जाणाऱ्या कोणत्याही सूत्राने सुटत नाही, आणि ई^झ = ३झ^७ तर नाहीच नाही. तरीही या दोन्ही समीकरणांची मुळं कोणत्या वर्तुळात किती आहेत, हे चार ओळींत ठामपणे सांगता येतं. या विषयाची रीतच अशी आहे: आधी शून्याची ऑर्डर, मग संख्या, मग जागा, आणि सगळ्यात शेवटी दशांश.

सुरुवातीला तयारी थोडी लागते. ई^झ, साइन झ, कॉस झ आणि १/(१ − झ) यांच्या टेलर सिरीज न अडखळता लिहिता आल्या पाहिजेत. त्रिकोण असमानता दोन्ही अंगांनी हवी: |अ + ब| हे |अ| + |ब| पेक्षा मोठं नसतं, आणि |अ| − |ब| पेक्षा लहान नसतं. दुसरं अंग बरेच जण विसरतात आणि पुढे तिथेच अडतात. शिवाय आलेखाची वही आणि साधा कॅल्क्युलेटर.

खुणा अशा: झ = क्ष + आय·य हे चल (क्ष आणि य वास्तव, आय म्हणजे √−१), पाय म्हणजे π, फ आणि ग ही फंक्शन, न आणि म पूर्णांक. संख्या लिहायची असेल तिथे ०, आणि जिथे फंक्शनची किंमत ० होते तो बिंदू म्हणजे फंक्शनचं शून्य.

पायरी १: ऑर्डर काढा, आणि ती सिरीजने काढा

फ हे अ या बिंदूपाशी ॲनॅलिटिक आहे, म्हणजे अ भोवतीच्या एखाद्या चकतीत ते आपल्या टेलर सिरीजशी जुळतं, आणि फ(अ) = ० आहे असं धरा. अ भोवतीची टेलर सिरीज लिहा. सहगुणक ० नसलेलं पहिलं पद (झ − अ)^म चं असेल, तर अ हे म ऑर्डरचं शून्य. म = १ असेल तर त्याला साधं शून्य म्हणतात. डेरिव्हेटिव्हच्या भाषेत सांगायचं तर अ पाशी फ आणि त्याचे पहिले म − १ डेरिव्हेटिव्ह ० असतात, म-वा नसतो. आणि सगळ्यात कामाचं रूप हे:

फ(झ) = (झ − अ)^म · ग(झ), जिथे ग ॲनॅलिटिक आहे आणि ग(अ) ० नाही.

पुढचं जवळजवळ सगळं या एका ओळीतून निघतं. ती वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

ऑर्डर काढायला पुस्तकं डेरिव्हेटिव्हची रीत देतात. ती बरोबर असली तरी हाताला जड आहे. हे फंक्शन घ्या:

फ(झ) = ६ साइन(झ^३) + झ^३(झ^६ − ६)

० पाशी ऑर्डर किती? डेरिव्हेटिव्ह घेत बसलात तर पंधरा वेळा घ्यावे लागतील. सिरीजने दोन ओळी: ६ साइन(झ^३) = ६झ^३ − झ^९ + झ^१५/२० − …, आणि दुसरं पद झ^९ − ६झ^३. बेरजेत झ^३ आणि झ^९ दोन्ही कटतात, उरतं झ^१५/२० आणि त्यापुढचं. ऑर्डर १५.

गुणाकारात ऑर्डरची बेरीज होते. बेरजेत मात्र सावध राहा. दोन फंक्शनच्या ऑर्डर वेगळ्या असतील तर बेरजेची ऑर्डर त्यातली लहान. सारख्या असतील तर पदं कटू शकतात आणि ऑर्डर वर उडी मारते. साइन झ आणि झ दोघांची ऑर्डर ० पाशी १ आहे, पण साइन झ − झ ची ऑर्डर ३, कारण उरतं ते −झ^३/६.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे बिंदू ० नसतानाही झ च्या घातांत सिरीज लिहिणं. १ − कॉस झ ची २·पाय पाशी ऑर्डर हवी असेल तर आधी व = झ − २·पाय ठेवा. कॉस झ = कॉस व, म्हणून फंक्शन व^२/२ − … असं सुरू होतं आणि ऑर्डर २ येते. हे न करता झ च्या घातांत पाहिलं तर २·पाय पाशी काय घडतंय ते कळायला काहीच मार्ग नाही.

पायरी २: एकही शून्य सुटलं नाही याची खात्री

वास्तव संख्यांची सवय इथे आड येते. फ(झ) = झ^२(ई^(झ^२) − १) घ्या. ० पाशी ऑर्डर ४ आहे: झ^२ ची दोन, आणि ई^(झ^२) − १ = झ^२ + … ची दोन. अनेक जण इथेच थांबतात, कारण वास्तव झ साठी आणखी शून्य नाही. पण ई^व = १ होतं ते व = २·पाय·आय·क असताना, क कोणताही पूर्णांक. म्हणून झ^२ = २·पाय·आय·क. क = १ ला झ = ±√पाय·(१ + आय), क = −१ ला झ = ±√पाय·(१ − आय), ही चारही साधी शून्यं ० पासून √(२·पाय), म्हणजे सुमारे २.५०७ अंतरावर. म्हणून |झ| < २ मध्ये फक्त ० हे शून्य आहे, पण |झ| < ३ मध्ये ऑर्डरसकट मोजली तर ८.

"ऑर्डरसकट" हा शब्द सोडू नका. पुढची सगळी प्रमेयं ऑर्डरसकटच मोजतात. प्रश्नात "भिन्न शून्यं किती" असं विचारलं असेल तर ते वेगळं काम आहे.

उलट काळजीही घ्यावी लागते: वास्तव अक्षाबाहेर काही नाही हे सिद्ध करणं. साइन झ साठी हे सूत्र पाठ असू द्या (साइनएच य म्हणजे (ई^य − ई^(−य))/२):

|साइन झ|^२ = साइन^२ क्ष + साइनएच^२ य

दोन वर्गांची बेरीज ० म्हणजे दोन्ही ०. साइनएच य = ० देतं य = ०, मग साइन क्ष = ०. म्हणून साइन झ ची सगळी शून्यं क·पाय, आणि बाहेर एकही नाही. याच सूत्रातून हेही दिसतं की |साइन झ| १ च्या आत राहत नाही. साइन झ = २ ला उत्तर नाही असं लिहिलेले पेपर दरवर्षी निघतात. उत्तर आहे: झ = पाय/२ + २·पाय·क ± आय·लॉग(२ + √३), म्हणजे काल्पनिक भाग सुमारे १.३१७.

पायरी ३: शून्यं एकमेकांना चिकटत नाहीत

फ(झ) = (झ − अ)^म·ग(झ) कडे परत या. ग(अ) ० नाही आणि ग सलग आहे, म्हणून अ भोवतीच्या एखाद्या लहान चकतीत ग कुठेच ० होत नाही. त्या चकतीत अ सोडून फ चं दुसरं शून्य नाही. एवढीच सिद्धता. यावरून आयडेंटिटी थिअरम येतो: डोमेन खुलं आणि कनेक्टेड (एकसंध) असेल, फ तिथे ॲनॅलिटिक असेल, आणि फ च्या शून्यांना डोमेनच्या आत लिमिट पॉइंट (ज्याच्या कितीही जवळ शून्यं सापडतात असा बिंदू) असेल, तर फ सगळीकडे ० आहे.

या विधानात तीन अटी आहेत, आणि प्रत्येक अट काढली की विधान कोसळतं. नुसतं पाठ करण्यापेक्षा ही तीन उदाहरणं करून बघा.

साइन(१/झ) ची शून्यं १/(न·पाय) ही ० कडे धावतात, तरी फंक्शन ० नाही. कारण ० हा बिंदू डोमेनमध्येच नाही. लिमिट पॉइंट कडेवर असेल तर प्रमेय गप्प बसतं.

दोन एकमेकांपासून वेगळ्या चकत्या घ्या, एकीवर फ = ०, दुसरीवर फ = १. फ ॲनॅलिटिक आहे, शून्यांची गर्दीही आहे, पण डोमेन जोडलेलं नाही.

|झ|^२ − १ हे पूर्ण वर्तुळभर ० आहे. ते ॲनॅलिटिक नाही, त्यामुळे विरोधही नाही. वास्तव बाजूला ई^(−१/क्ष^२) हे फंक्शन असंच फसवतं: ० पाशी किंमत आणि सगळे डेरिव्हेटिव्ह ०, तरी फंक्शन ० नाही. वास्तव चलावर कितीही वेळा डेरिव्हेटिव्ह घेता आले म्हणून फंक्शन ॲनॅलिटिक होत नाही.

परीक्षेत हा भाग येतो तो बहुधा अशा रूपात: |झ| < १ मध्ये ॲनॅलिटिक असं फ आहे का, ज्यासाठी न = २, ३, ४, … ला फ(१/न) ची किंमत अमुक असेल? रीत ठरलेली आहे. १/न च्या जागी झ लिहून सूत्र ओळखा, ते पूर्ण चकतीत ॲनॅलिटिक आहे का ते तपासा, मग दिलेल्या सगळ्या किमती त्याच्याशी जुळतात का ते पाहा.

फ(१/न) = १/(न + १): झ/(१ + झ) जुळतं आणि चकतीत ॲनॅलिटिक आहे. असं फंक्शन आहे, आणि ते एकमेव आहे.

फ(१/न) = (−१)^न/न^२: सम न घेतले तर फ = झ^२ असलंच पाहिजे, मग विषम न ला चिन्ह जुळत नाही. नाही.

फ(१/न) = १/√न: इथे सूत्र ओळखून भागत नाही, ऑर्डर वापरावी लागते. सलगतेमुळे फ(०) = ०. ऑर्डर म असेल तर मोठ्या न साठी |फ(१/न)| हे एका स्थिर संख्येच्या पटीत १/न^म सारखं घटतं, आणि म किमान १ आहे. १/√न त्याहून सावकाश घटतं. विसंगती. फ(१/न) = ई^(−न) ला उलट कारण: ते कोणत्याही १/न^म पेक्षा झपाट्याने घटतं, म्हणून एकही ऑर्डर बसत नाही, फ सगळीकडे ० ठरतं, आणि ई^(−न) तर ० नाही. हा युक्तिवाद पुस्तकांत कमी दिसतो, पण आमच्या मते ऑर्डर ही कल्पना खरी कळते ती इथेच.

पायरी ४: कडेने चालून मोजणी

फ बंद वक्रावर आणि त्याच्या आत ॲनॅलिटिक आहे, आणि वक्रावर कुठेही ० नाही. झ ला त्या वक्रावरून घड्याळाच्या उलट दिशेने एकदा फिरवा आणि फ(झ) चा कोन एकूण किती बदलला ते पाहा. तो बदल भागिले २·पाय म्हणजे आतली शून्यं, ऑर्डरसकट. आत पोल (जिथे १/फ चं शून्य असतं, म्हणजे फ अमर्याद होतं, ते बिंदू) असतील तर शून्यं वजा पोल. सूत्रात लिहायचं तर फ'/फ चं वक्रावरचं इंटिग्रल भागिले २·पाय·आय. पण हाताने करताना इंटिग्रल क्वचितच करतात, कोन मोजतात.

त्र्यंबकेश्वरला श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी करतात. वाट कुठून वळली, किती चढली-उतरली याने फेरीच्या मोजणीत फरक पडत नाही. डोंगर आत राहिला आणि माणूस निघाल्या जागी परत आला की एक फेरी. फ(झ) ची वाट ० भोवती तशीच मोजायची. फरक दिशेचा: प्रदक्षिणा घड्याळाच्या दिशेने, आणि आपली धन फेरी घड्याळाच्या उलट.

प्रत्यक्ष करू. झ^४ + झ^३ + ४झ^२ + २झ + ३ ची पहिल्या चरणात किती शून्यं?

वाट अशी: ० पासून वास्तव अक्षावरून मोठ्या र पर्यंत, तिथून पाव वर्तुळाने आय·र पर्यंत, मग काल्पनिक अक्षावरून खाली ० कडे. वास्तव अक्षावर बहुपदी धन आहे, कोन ० च राहतो. पाव वर्तुळावर झ^४ चं राज्य चालतं, कोन ४ × ९० = ३६० अंशांच्या जवळ जातो, किंचित कमी. आता काल्पनिक अक्ष. झ = आय·य ठेवलं की

वास्तव भाग (य^२ − १)(य^२ − ३), काल्पनिक भाग य(२ − य^२).

य खाली येत असताना चिन्हं पाहा. य > √३ असताना वास्तव धन, काल्पनिक ऋण: चौथा चरण. √३ आणि √२ च्या मध्ये दोन्ही ऋण: तिसरा. √२ आणि १ च्या मध्ये वास्तव ऋण, काल्पनिक धन: दुसरा. १ च्या खाली दोन्ही धन: पहिला. शेवटी य = ० ला किंमत ३. म्हणजे चौथा, तिसरा, दुसरा, पहिला: घड्याळाच्या दिशेने एक पूर्ण फेरी, −३६० अंश. एकूण ०. पहिल्या चरणात एकही शून्य नाही.

सहगुणक वास्तव असल्यामुळे शून्यं काँज्युगेट जोड्यांत येतात, म्हणून चौथ्या चरणातही नाही. काल्पनिक अक्षावर दोन्ही भाग एकाच वेळी ० होत नाहीत. उरलेली चारही शून्यं डाव्या अर्ध्या प्रतलात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कंट्रोल सिस्टिमवर काम करणाऱ्या इंजिनिअरला हेच उत्तर हवं असतं: सगळी शून्यं डावीकडे म्हणजे सिस्टिम स्थिर. त्यांचा राउथचा तक्ता मांडून पडताळा घ्या, पहिला स्तंभ १, १, २, ०.५, ३ येतो, एकही चिन्ह बदलत नाही.

इथे विद्यार्थी घसरतात ते बहुतेक वेळा कोनाच्या हिशेबात. प्रत्येक बिंदूला कॅल्क्युलेटरवर टॅन इन्व्हर्स दाबून कोन काढला तर ९० अंशांपाशी उत्तर उडी मारतं. चरणांचा क्रम लिहा, मग कोन. आणि शून्य कडेवरच असेल तर ही रीत चालत नाही. वक्र थोडा सरकवून घ्या.

मोजणी ही नुसती परीक्षेपुरती गोष्ट नाही. रीमानने १८५९ मध्ये झीटा फंक्शनबद्दल जो अंदाज मांडला (मुख्य शून्यं सगळी वास्तव भाग १/२ असलेल्या रेषेवर आहेत), त्याची आकड्यांनी होणारी पडताळणी याच पायावर उभी आहे. कडेने कोन मोजून ठराविक उंचीपर्यंतच्या शून्यांची एकूण संख्या मिळते. दुसरीकडे त्या रेषेवर चिन्हं किती वेळा बदलतात ते मोजतात. पहिलं शून्य १४.१३४७ उंचीवर येतं. दोन्ही आकडे जुळले की त्या उंचीपर्यंत एकही शून्य रेषेबाहेर नाही, आणि सगळी साधी आहेत. ही जुळणी कमी मेहनतीत करण्याची रीत ॲलन ट्युरिंगने १९५३ मध्ये प्रसिद्ध केली.

पायरी ५: रूशेचं प्रमेय

कोन मोजण्याचेही कष्ट वाचवणारं हे प्रमेय फ्रेंच गणिती रूशे याने १८६२ मध्ये दिलं. फ आणि ग बंद वक्रावर आणि आत ॲनॅलिटिक असतील, आणि वक्राच्या प्रत्येक बिंदूवर |ग| < |फ| असेल, तर फ आणि फ + ग यांची आतली शून्यं ऑर्डरसकट सारखीच. अट फक्त कडेवर तपासायची. आत |ग| मोठं झालं तरी चालतं, आणि हे अनेकांच्या पचनी पडायला वेळ लागतो.

वापरताना असं करा. त्रिज्या ठरवा. त्या त्रिज्येवर प्रत्येक पदाचं मॉड्युलस (० पासूनचं अंतर, |झ| सारखं) लिहा. सगळ्यात मोठं पद बाकीच्यांच्या बेरजेपेक्षा मोठं आहे का पाहा. असेल तर तेच फ.

झ^५ + ३झ + १ घेऊ.

|झ| = १: पदं १, ३, १. तीन हे दोनपेक्षा मोठं, म्हणून ३झ जिंकतं. आत १ शून्य.
|झ| = २: पदं ३२, ६, १. झ^५ जिंकतं. आत ५ शून्यं.

म्हणून १ आणि २ त्रिज्यांच्या पट्ट्यात ४ शून्यं. पुस्तकातलं उत्तर इथे संपतं. पण त्रिज्या बदलून पट्टा आवळता येतो, आणि तो आवळावा.

|झ| = १.२: पदं २.४८८, ३.६, १. ३.६ हे ३.४८८ पेक्षा मोठं. अजूनही आत १ च.
|झ| = १.४: पदं ५.३७८, ४.२, १. ५.३७८ हे ५.२ पेक्षा मोठं. आत ५.
|झ| = १.३: पदं ३.७१३, ३.९, १. कोणीच जिंकत नाही.

चारही शून्यं १.२ आणि १.४ च्या मधल्या अरुंद पट्ट्यात अडकली. १.३ ला अट फसली याचा अर्थ तिथे शून्य आहे असा होत नाही. प्रमेय काही सांगत नाही एवढाच. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर आकडे मांडत मांडत ६१७४ या कापरेकर स्थिरांकापर्यंत पोचले. त्यांच्या गावात गणित शिकणाऱ्याने पाच त्रिज्या हाताने करून पाहायचा कंटाळा करू नये.

आता दुसरं उदाहरण, ई^झ = ३झ^न. |झ| = १ वर |ई^झ| = ई^क्ष, म्हणजे जास्तीत जास्त ई, सुमारे २.७१८, आणि |३झ^न| = ३. म्हणून ३झ^न − ई^झ ची |झ| < १ मध्ये न शून्यं. ती भिन्न आहेत का? एखादं शून्य दुहेरी असेल तर तिथे डेरिव्हेटिव्हही ०: ३न·झ^(न−१) = ई^झ. हे ३झ^न = ई^झ बरोबर ठेवलं की झ = न निघतं, आणि न तर चकतीच्या आत नाही. म्हणून न च्या न साधी आणि भिन्न. रूशे लावल्यावर ही दोन ओळींची तपासणी करायची सवय लावा. "भिन्न" शब्दाचे गुण तिथेच असतात.

असमानता कडक हवी. झ^२ − १ ला |झ| = १ वर फ = झ^२, ग = −१ घेतलं तर दोन्ही मॉड्युलस १. "आत २ शून्यं" म्हणाल, आणि ती तर कडेवरच बसली आहेत.

पायरी ६: आता दशांश

जागा आवळली की न्यूटनची रीत: जुन्या झ मधून फ/फ' वजा करा. सुरुवातीचा बिंदू अंदाजाने टाकू नका, आधीच्या पायऱ्यांनी दिलेला वापरा. झ^५ + ३झ + १ च्या आतल्या शून्याला −१/३ पासून सुरू केलं की −०.३३१९९ वर स्थिरावतं. पट्ट्यातल्या चौघांसाठी १ हे पद क्षणभर सोडा: झ^४ = −३, म्हणजे ±०.९३१ ± ०.९३१·आय. तिथे फ = १ आणि फ' = ५ × (−३) + ३ = −१२, म्हणून पहिली पायरी चौघांनाही १/१२ ने उजवीकडे सरकवते: १.०१४ ± ०.९३१·आय आणि −०.८४७ ± ०.९३१·आय. आकडे अजून कच्चे आहेत, दुसऱ्या दशांशातही थोडे हलतील. पण झ^४ चं पद नाही म्हणून पाचही मुळांची बेरीज ० यायला हवी. इथेच ती ०.००१ च्या आसपास येते. असा पडताळा फुकट मिळतो, तो घ्या.

शून्य म ऑर्डरचं असेल तर न्यूटनची गती मंदावते: दर पायरीला चूक फक्त (१ − १/म) पट होते. म = ५ ला एक दशांश मिळवायला सुमारे १० पायऱ्या लागतात. ऑर्डर माहीत असेल तर फ/फ' ला म ने गुणून वजा करा, गती परत येते. मोठ्या ऑर्डरचं शून्य आणखी एका कारणाने नाजूक असतं. (झ − १)^५ मध्ये १०^(−१०) एवढी चूक शिरली तर शून्य जागेवर राहत नाही. पाच तुकडे होऊन प्रत्येक ०.०१ अंतरावर जातो. पायथॉनने (झ − १)^५ ची मुळं १ च्या भोवती थोडी विखुरलेली दाखवली तर प्रोग्रॅम बिघडलेला नाही, गणिताचाच हा गुण आहे.

पायथॉनमध्ये मोजणी करायची तर वर्तुळावर बिंदू घ्या, लागोपाठच्या दोन किमतींचा भागाकार करा, त्याचा कोन −१८० ते १८० मध्ये घ्या, सगळे कोन बेरजेत घालून ३६० ने भागा. वेगवेगळे कोन काढून वजाबाकी करू नका. भागाकाराचा कोन घेतला की उडीचा त्रास जातो. पण बिंदू पुरेसे हवेत. झ^५ साठी ८ च बिंदू घेतले तर दर टप्प्याला कोन २२५ अंश बदलतो, प्रोग्रॅमला तो −१३५ दिसतो, आणि शून्यांची संख्या −३ येते. पोल नसलेल्या फंक्शनला ऋण उत्तर आलं की बिंदू कमी पडले हे नक्की. उत्तर धन असलं तरी २०० चे ४०० बिंदू करून तेच येतं का पाहा, आणि एकाही टप्प्याचा कोन ९० अंशांच्या वर गेला असेल तर तिथे बिंदू दाट करा.

सिरीज कापली तर शून्यांचं काय होतं

ई^झ ला शून्य नाही. पण तिची कापलेली सिरीज बहुपदी आहे, तिला शून्यं असणारच. १ + झ चं शून्य −१. १ + झ + झ^२/२ ची −१ ± आय, अंतर १.४१४. घन पदापर्यंत गेलात तर सगळ्यात जवळचं −१.५९६. ती दूर दूर जात राहतात. हुर्विट्झचं प्रमेय याचं कारण देतं: ॲनॅलिटिक फंक्शनची माळ प्रत्येक बंद चकतीवर एकसमान रीतीने फ कडे जात असेल, आणि चकतीच्या कडेवर फ ला शून्य नसेल, तर माळेतल्या पुढच्या सगळ्या फंक्शनची आत तेवढीच शून्यं असतात जेवढी फ ची. ई^झ ची ० आहेत, म्हणून कितीही मोठी चकती घ्या, पुरेशी पदं घेतल्यावर ती रिकामी होते. सिद्धता रूशेचीच: कडेवर |फ| ची किमान किंमत ० पेक्षा मोठी, आणि फरक तिच्याखाली गेला की झालं.

हातासाठी चार प्रश्न

टॅन झ − साइन झ ची ० पाशी ऑर्डर? टॅनचं झ^३/३ आणि साइनचं −झ^३/६, फरक झ^३/२. ऑर्डर ३.

ई^(झ^२) − १ − झ^२ ची ० पाशी? ४.

झ^७ − ४झ^३ + झ − १ ची |झ| < १ मध्ये? ४झ^३ चं मॉड्युलस ४, बाकीची बेरीज जास्तीत जास्त ३. उत्तर ३.

|झ| < १ मध्ये ॲनॅलिटिक असं फ आहे का, ज्यासाठी न = २, ३, ४, … ला फ(१/न) = न/(न + २)? सूत्र पटकन ओळखता येतं, १/(१ + २झ), आणि घाईत "आहे" लिहिलं जातं. पण या सूत्राला −१/२ पाशी पोल आहे, आणि तो चकतीच्या आत आहे. −१/२ काढल्यावर उरलेली चकती कनेक्टेड राहते, तिच्यावर फ ला याच सूत्राशी जुळावं लागतं, मग −१/२ जवळ फ अमर्याद होतं. असं फंक्शन नाही. प्रश्नात |झ| < १/२ दिलं असतं, आणि न ३ पासून सुरू झाला असता, तर उत्तर "आहे" झालं असतं.